संगणकतज्ज्ञांची नित्याची मते आणि मराठी मजकुराचे भवितव्य : भिवंडीच्या बहुभाषिक संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणकाच्या क्षेत्रात काम करणारी माणसे एकत्र आली की काही विषयांवरील त्यांचे वाद ठरलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून विंडोज चांगली की लिनक्स, शोधयंत्रांना अजून काही शिकायचे उरले आहे काय, संकेतस्थळ कोणत्या ब्राउझरला धरून तयार करावे, हे ते विषय होत. ही मते आग्रहाने मांडली जातात आणि पुष्कळदा काळ ती खोटी ठरवतो. जानेवारी १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम आणि फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांच्यात झालेला वाद या दृष्टीने प्रसिद्ध आहे. लिनक्सची रचना जुनाट असून ती टिकणार नाही, अशी टॅनेनबाउम यांची भूमिका होती. आज महाजालावरील सर्व्हरांपैकी फार मोठा वाटा लिनक्सवर चालतो आणि अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे.

भाषा, इतिहास वा वाणिज्य शिकवणारा प्राध्यापक अशा वादांकडे दुसऱ्याच्या घरातील भांडण म्हणून पाहतो. तथापि या मतांचा परिणाम त्याच्याच लेखनावर होत असतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिमची निवड हा बहुधा आवडीनिवडीचा प्रश्न असतो. मराठीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत मात्र लिहिलेला मजकूर पुढे कोणाला वाचता येईल काय आणि सापडेल काय, हा प्रश्न त्या निवडीशी निगडित राहिला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, महाजाल आणि शोध यांविषयीची तज्ज्ञांची तीन प्रचलित मते मराठीच्या कसोटीवर तपासणे आणि त्यांतून महाविद्यालयीन अध्यापकांनी काय घ्यावे याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणांसाठी भिवंडी शहर घेतले आहे, कारण मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चार भाषांचा दैनंदिन व्यवहार एकाच शहरात चालत असल्याने हा प्रश्न तेथे ठळकपणे दिसतो.

१. दिसणारे अक्षर आणि साठवलेला संकेत

संगणक अक्षर साठवत नाही. तो अक्षराला नेमून दिलेला क्रमांक साठवतो. पडद्यावर दिसणारी आकृती त्या क्रमांकावरून फॉण्टच्या साहाय्याने नंतर काढली जाते. जेकार्ड यंत्रमागाची माहिती असणाऱ्यास ही गोष्ट चटकन कळेल. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या या मागावर नक्षीचे चित्र नसते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कोणत्या आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलायचे, हे ती छिद्रे सांगतात. भिवंडीतील बहुतेक माग साधे कोरे कापड काढतात. पण नक्षी वेगळी आणि नक्षीचा संकेत वेगळा, हा भेद यंत्रमागांच्या गावाला परका नाही.

युनिकोड या आंतरराष्ट्रीय प्रमाणात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. त्यानुसार ‘भिवंडी’ हा शब्द सहा क्रमांकांनी साठवला जातो : भ २३४९, ऱ्हस्व वेलांटी २३६७, व २३५७, अनुस्वार २३०६, ड २३३७ आणि दीर्घ वेलांटी २३६८. येथे एक बाब लक्षणीय आहे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘भ’च्या आधी दिसते, परंतु साठवताना ती ‘भ’नंतर येते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. ती योग्य जागी काढून दाखवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिममधील अक्षररचना करणाऱ्या भागाचे आहे.

युनिकोडपूर्व फॉण्टांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या अक्षरखंडांच्या आकृत्या बसवल्या. टंकलेखक प्रथम वेलांटी, मग ‘भ’ अशा दिसण्याच्या क्रमाने कळा दाबत असे. कागदावर शब्द उत्तम उमटे. संगणकाच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा एक निरर्थक पुंजका असे. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉण्टची मांडणी निराळी होती. साहजिकच एका संगणकावर टंकलेला शोधनिबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. मराठीच्या बहुतेक अध्यापकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

२. प्रमाण असूनही झालेला विलंब

या गोंधळाला प्रमाणाचा अभाव हे कारण नव्हते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान भारतीय लिप्यांना एका समान संकेतसंचात बसवत होते. भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली होती. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे अधिकृत प्रमाण म्हणून घोषित केले ते मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये.

मधल्या अठरा वर्षांचा खुलासा तंत्रापेक्षा मतांत अधिक सापडतो. त्या काळी संगणकावरील मराठीचा मुख्य उपयोग छपाईसाठी होता. मुद्रकाच्या दृष्टीने अक्षर सुबक छापले गेले की काम पूर्ण होते. त्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचेही मत तेच बनले. मजकूर पुन्हा शोधावा लागेल, दुसऱ्या यंत्रावर न्यावा लागेल, त्याची वर्णानुक्रमे मांडणी करावी लागेल, या गरजा कोणी मागितल्या नाहीत म्हणून त्या पुरवल्या गेल्या नाहीत. ही उणीव केवळ भारतीय नव्हती. अमेरिकन सॉफ्टवेअर-लेखक जोएल स्पॉल्स्की यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे खूप गाजलेल्या लेखात आपल्या व्यवसायबंधूंना याच अज्ञानाबद्दल फटकारले होते. मजकूर कोणत्या संकेतात साठवला आहे हे ठाऊक नसेल तर त्या मजकुराला अर्थच नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

३. पहिले मत : ‘कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम चालेल’

अनुभवी तंत्रज्ञ अनेकदा म्हणतात की ऑपरेटिंग सिस्टिम हे केवळ साधन आहे. काम होण्याशी मतलब. आज हे मत मराठीपुरतेही बरेचसे खरे आहे, परंतु २००० च्या दशकात ते खरे नव्हते. विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. तिच्यासोबत येणारा ‘मंगल’ हा फॉण्ट मराठी कवी व अक्षरकलावंत र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये (२००१) हा आधार होता, पण तो मुळात बंद असे. नियंत्रण कक्षात जाऊन जटिल लिप्यांचा पर्याय निवडावा लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ तबकडी हाताशी असावी लागे. ज्या कार्यालयांत ती तबकडी उपलब्ध नव्हती, तेथे युनिकोड मराठी ‘चालत नाही’ असेच मत रूढ झाले आणि जुने फॉण्ट वापरात राहिले. विंडोज व्हिस्टापासून (२००७) हा आधार आपोआप मिळू लागला.

लिनक्सच्या बाजूचा इतिहास निराळा आहे. तेथे मराठीची मागणी पुरी करण्यासाठी एखाद्या कंपनीच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नव्हती. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉण्ट उपलब्ध केला. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ ही फॉण्टमालिका मुक्त परवान्याने खुली केली. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्ती काढली. मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे मत हे अशा वेळी केवळ तात्त्विक राहत नाही. आपल्या लिपीतील दोष आपल्याला दुरुस्त करता येतो की त्यासाठी अर्ज करून थांबावे लागते, असा तो व्यावहारिक भेद आहे. असे असले तरी महाविद्यालयांच्या कार्यालयांत लिनक्सचा प्रसार मर्यादितच राहिला, कारण ज्या मराठी पॅकेजांवर टंकलेखकांचा हात बसला होता ती विंडोजसाठी तयार झालेली होती. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची निवडही अखेरीस जुन्या फॉण्टानेच ठरवली.

४. दुसरे मत : ‘ब्राउझरमध्ये दिसले की झाले’

महाजालावर मराठी आणताना हीच छपाईची दृष्टी पुढे आली. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने १९९७ मध्ये पानासोबत फॉण्ट पाठवण्याची सोय दिली. मराठीतील कित्येक संकेतस्थळांनी जुना फॉण्ट या मार्गाने वाचकापर्यंत पोहोचवला. वाचकाला काही बसवावे लागत नसे, म्हणून ही योजना तंत्रज्ञांना पसंत पडली. तिची किंमत दोन प्रकारे द्यावी लागली. एक, ती सोय विंडोजवरील त्या एकाच ब्राउझरपुरती होती. इतरांना पानावर रोमन चिन्हांचा कचरा दिसे. दोन, शोधयंत्र पान ‘पाहत’ नाही, ते साठवलेले संकेत वाचते. त्यामुळे त्या पानांवरील हजारो मराठी शब्द शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. वर्षानुवर्षांच्या बातम्या व लेख महाजालावर असूनही मराठीत शोधणाऱ्याला सापडत नव्हते.

हे चित्र पालटले ते जगभरच्या तंत्रज्ञांचे मत पालटल्यामुळे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेली यूटीएफ-८ ही साठवणुकीची पद्धत रोमन मजकुराला अजिबात धक्का लावत नाही आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसवते. इंग्रजीत काम करणाऱ्यास ती स्वीकारण्यात काहीच गमवावे लागत नव्हते, हे तिच्या यशाचे मोठे कारण आहे. गूगलच्या निरीक्षणानुसार डिसेंबर २००७ च्या सुमारास यूटीएफ-८ ही महाजालावरील सर्वाधिक वापराची पद्धत बनली. मराठी विकिपीडियासारखा प्रकल्प २००३ पासून वाढू शकला तो युनिकोडच्या आधारावरच. देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ता घेण्याची सोयही ऑगस्ट २०१४ पासून झाली.

५. तिसरे मत : ‘शोधाचा प्रश्न सुटला आहे’

हे मत आजही ऐकू येते आणि मराठीच्या बाबतीत तेच सर्वांत कमी टिकते. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण, दिसायला सारखे पण साठवणीत वेगळे असे शब्द. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत तर पंडित आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे. हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून किंवा २३५२ क्रमांकाचा साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह यांनी मिळून. डोळ्यांना फरक कळत नाही. परंतु एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही आणि जे शोधयंत्र अदृश्य चिन्हे गाळून टाकते, ते दुसऱ्या प्रकारच्या दऱ्यांचा दर्या करून टाकते. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे. त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतही त्याला स्थान दिले. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जात होते आणि अजूनही अनेक कळफलकांवर तसेच लिहिले जाते. परिणामी ‘ॲकॅडमी’ हा शब्द एकाच यादीत दोनदा, दोन निरनिराळ्या जागी येऊ शकतो.

दुसरे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. भिवंडी, भिवंडीत, भिवंडीचा, भिवंडीहून, भिवंडीकर ही यंत्राच्या लेखी पाच वेगळी पदे होत. नुसती सुरुवात जुळवून भागत नाही, हे ‘माग’ या शब्दावरून दिसेल. मागाचा, मागावर, मागांना ही रूपे हवीत म्हणून ‘माग’ने सुरू होणारे सर्व शब्द घेतले, तर मागणी, मागे, मागास हेही जाळ्यात येतात, शिवाय ‘माग काढणे’ यातला माग निराळाच. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रत्यय छाटण्याचे सोपे नियम दिले आणि पुढील शोधयंत्रांनी ते सर्रास वापरले. मराठीत मात्र शब्दाचे मूळ रूपच प्रत्ययापूर्वी बदलते : पाणी व पाण्यात, गाव व गावात, रस्ता व रस्त्यावर. त्यामुळे केवळ शेवट छाटून मूळ शब्द हाती लागत नाही.

तिसरे कारण लेखनपद्धतीतील बदल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ पासून शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आढळतात. आजच्या लेखनाने जुना ग्रंथ शोधणाऱ्या अभ्यासकाला ही रूपे ठाऊक नसतील, तर तो ग्रंथ समोर असूनही त्याच्या हाती येणार नाही.

६. भिवंडीचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. यंत्रमागाच्या व्यवसायाने येथे उत्तर भारतातून आलेले विणकर, पद्मनगरसारख्या भागात वसलेले तेलुगूभाषक पद्मशाली आणि मूळचे मराठी व कोकणी मुस्लिम रहिवासी एकत्र आणले. अलीकडच्या काळात तालुक्यात उभ्या राहिलेल्या गोदामांनी त्यात आणखी भर घातली. अशा शहरात एकच नाव अनेक लिप्यांतून प्रवास करते. ‘अन्सारी’ आणि ‘अंसारी’, ‘मोमीन’ आणि ‘मोमिन’, ‘पद्मशाली’ आणि ‘पद्मसाळी’ ही रूपे माणसाला एकच वाटतात, संगणकाला नाहीत. गावाचे नावही रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो तर कोणी ‘डब्ल्यू’ने. शाळेचा दाखला, मतदारयादी आणि महाविद्यालयातील प्रवेशनोंद यांत रूपे वेगवेगळी असतील, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर मिळू शकते. ‘शोधाचा प्रश्न सुटला’ हे मत त्या खिडकीपाशी तपासून पाहावयास हवे.

उर्दूचा अनुभव मराठीला समांतर आहे. नस्तालीक वळणाची सुंदर उर्दू छापण्यासाठी १९९४ पासून ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर सर्वत्र वापरले गेले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर स्वतःच्या खास संकेतात साठवला जाई आणि म्हणून तो बाहेर शोधता येत नसे. युनिकोड आल्यावरही अरबी ‘काफ’ (१६०३) आणि उर्दू ‘काफ’ (१७०५) हे शब्दाच्या सुरुवातीस व मध्ये सारखेच दिसत असूनही भिन्न राहिले. म्हणजे एकाच महाविद्यालयातील मराठी आणि उर्दू विभागांची अडचण मुळात एकच आहे. भाषावादाच्या चर्चेत हे साम्य सहसा लक्षात घेतले जात नाही.

७. अध्यापकांसाठी निष्पन्न

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि ‘शोधगंगा’ या भांडारात असे प्रबंध जमा होऊ लागले. जुन्या फॉण्टात टंकलेला किंवा केवळ छायाप्रत म्हणून चढवलेला मराठी प्रबंध तेथे असतो, पण त्यातील वाक्य शोधता येत नाही. वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या नियमांनंतर प्रबंधांची यंत्राद्वारे तपासणी रूढ झाली. परंतु ज्या जुन्या मजकुराचे संकेत यंत्राला वाचता येत नाहीत, त्याच्याशी नव्या मजकुराची तुलना कशी होणार? प्रामाणिक संशोधकाचे श्रम त्यामुळे दुर्लक्षित राहतात आणि उचलेगिरी करणारा निर्धास्त राहतो. आजची भाषाप्रारूपेही वाचता येण्याजोग्या मजकुरावरच शिकतात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण तिचे विसाव्या शतकाच्या अखेरचे विद्याविषयक लेखन मोठ्या प्रमाणावर जुन्या फॉण्टांत अडकलेले आहे.

यावर महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. नवा मजकूर युनिकोडमध्येच स्वीकारावा आणि नियतकालिकांनी तशी अट घालावी. जुन्या संचिका रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणून माणसाकडून ताडून घ्याव्यात, कारण रूपांतरात रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या चुका राहतात. पीडीएफसोबत मूळ संपादनयोग्य संचिकाही जपून ठेवावी. पीडीएफमधून देवनागरी उतरवून घेताना अक्षरांचा क्रम पुष्कळदा बिघडतो. विभागाने ‘ॲ’ आणि अर्ध्या ‘ऱ’साठी एकच पद्धत ठरवावी. नावांच्या नोंदीत पर्यायी रूपांसाठी वेगळा रकाना ठेवावा. आणि नवे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोर चार शब्द टंकून दाखवावेत : भिवंडी, दऱ्या, ॲकॅडमी, पाण्यात. ते शब्द साठवून, दुसऱ्या संगणकावर उघडून, शोधून सापडले तर पुढील बोलणी करावीत.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, ऑपरेटिंग सिस्टिम, महाजाल व शोध यांविषयीची तज्ज्ञांची मते बहुतांशी एका भाषेच्या व एका लिपीच्या अनुभवावर बेतलेली असतात; ती चुकीची नसतात, पण अपुरी असतात. दोन, मराठी मजकुराची जी हानी झाली ती तंत्र नसल्याने कमी आणि ‘दिसले की झाले’ या समजुतीने अधिक झाली. ती समजूत मुद्रक, टंकलेखक, अध्यापक आणि तंत्रज्ञ या सर्वांचीच होती. तीन, मते बदलतात आणि ती वापरणाऱ्याच्या मागणीने बदलतात. मराठीच्या अध्यापकाने तंत्रज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु आपला मजकूर कोणत्या संकेतात साठवला जात आहे, तो दुसऱ्या यंत्रावर उघडतो काय आणि शोधल्यास सापडतो काय, हे तीन प्रश्न त्याने नेमाने विचारले, तर त्यांची उत्तरे देणे संगणकतज्ज्ञांनाही भाग पडेल.